अंगमर्दनाची परंपरा : दरबारापासून न्हाणीघरापर्यंत

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस मेगॅस्थिनिस हा ग्रीक वकील पाटलिपुत्रात चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आला. त्याचा मूळ ग्रंथ आज हाती नाही. पण स्ट्रॅबो या भूगोलकाराने त्या काळच्या लेखनातून जो मजकूर उतरवून ठेवला, त्यात अंगमर्दनाचे दोन उल्लेख आहेत. हिंदी लोकांना व्यायामाचा प्रकार म्हणून अंग घासून घेणे विशेष आवडते आणि त्यासाठी ते काळ्या लाकडाच्या गुळगुळीत दांड्या अंगावरून फिरवतात, हा पहिला. दुसरा राजाविषयीचा. राजा दिवसभर न्यायदानाला बसतो आणि अंग रगडून घेण्याची वेळ झाली तरी उठत नाही. चार माणसे भोवती उभी राहून त्याचे अंग रगडत असतात आणि तो फिर्यादी ऐकत राहतो. अंगमर्दन ही त्या दरबारात फुरसतीची चैन नव्हती, तर राजाच्या दिनक्रमातला ठरलेला भाग होता, हे यावरून दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राजाच्या अंगरक्षणाच्या प्रकरणात स्नान घालणारे आणि अंग रगडणारे यांचा विचार केलेला आहे. ही कामे विश्वासातल्या दासींकडून करून घ्यावीत असे तो सांगतो. राजाच्या उघड्या अंगाला ज्याचा हात लागतो, त्याच्यावर पाळत हवीच.

या सेवकांना संस्कृतात संवाहक म्हणत. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात एक पात्र याच नावाने वावरते. हा संवाहक मूळचा पाटलिपुत्राचा, चांगल्या घरातला. देश पाहण्याच्या हौसेने तो उज्जयिनीला येतो, नाटकाचा नायक चारुदत्त याच्या पदरी राहतो, धन्याला दारिद्र्य आल्यावर जुगाराच्या नादी लागतो आणि शेवटी बौद्ध भिक्षू होतो. आपण कला म्हणून शिकलो ती विद्या आता पोटाचे साधन झाली, असे तो नायिका वसंतसेनेला सांगतो. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीतही अंग रगडणे, चेपणे आणि केसांचे मर्दन करणे यांतल्या कौशल्याची गणना आहे. नागरकाने, म्हणजे शहरी रसिकाने, शिकावी अशी कला आणि सेवकाने करावे असे काम, ही अंगमर्दनाची दोन रूपे तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आली. मान पहिल्या रूपाला मिळाला. विद्या मात्र बहुतांशी दुसऱ्या रूपाने टिकवली.

वैद्यकाने या व्यवहाराला शास्त्राची बैठक दिली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात रोजच्या अभ्यंगाची कारणे आली आहेत. तेल लावलेला घडा, तेल मुरवलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसे टिकतात, तसे तेल लावलेले शरीर टिकते, हा त्यातला दृष्टांत. त्यामागची उपपत्ती अशी की स्पर्शाच्या ठिकाणी वायूचे प्राबल्य आहे आणि स्पर्श त्वचेच्या आश्रयाने राहतो. म्हणून वाताला आवर घालायचा तर त्वचेपासून सुरुवात करावी. डोक्याला तेल, कानात तेल आणि तळपायाला तेल यांचे गुण चरक वेगवेगळे सांगतो. वाग्भटाने अष्टांगहृदयातील दिनचर्येत हाच उपदेश थोडक्यात देऊन डोके, कान व पाय या तिन्हींवर विशेष भर दिला. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचे 'डोक्याला आणि पायाला तरी तेल लाव' हे सांगणे त्याच परंपरेतले आहे.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात प्रकारांचा भेद अधिक स्पष्ट आहे. तेल लावून चोळणे तो अभ्यंग. औषधी चूर्ण अंगावर घासणे ते उद्वर्तन. त्याने कफ आणि मेद कमी होतात असे मानले जाई. अंग खरखरीत वस्तूने, प्रसंगी विटेने घासणे ते उद्घर्षण, हे खाजेवरचे. आणि हाताने हळुवार चेपणे ते संवाहन, थकवा घालवणारे आणि झोप आणणारे. अभ्यंग कोणाला करू नये हेही या ग्रंथांनी बजावून सांगितले आहे. ताप नुकताच आलेला असेल, अजीर्ण झाले असेल किंवा वमन-विरेचन झाले असेल, तर तेल वर्ज्य. सुश्रुताचा टीकाकार डल्हण याने तर तेल कुठवर पोहोचते याचा कालहिशेबच मांडला आहे. तीनशे मात्रांत ते रोममुळांपर्यंत जाते, चारशेंत त्वचेत, पाचशेंत रक्तात, आणि असे एकेक धातू ओलांडत नऊशे मात्रांत मज्जेपर्यंत. आजच्या शरीरशास्त्रापुढे हा हिशेब टिकत नाही. पण मर्दन घाईने उरकण्याचे काम नाही, एकाच जागी पुरेसा वेळ हात फिरला पाहिजे, ही जाणत्या हातांची शिस्त त्यात नोंदली गेली आहे, आणि ती आजही खरी आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवर या परंपरेच्या खुणा जुन्या आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांत, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांत, आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने संघातील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी काही द्रव्य गोवर्धन येथील श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचे त्यात म्हटले आहे. त्या श्रेणींमध्ये कुंभारांबरोबर तिलपिषकांची, म्हणजे तीळ गाळणाऱ्या तेल्यांचीही श्रेणी होती. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात गोदाकाठी तेलाचा धंदा इतका भरभराटीला आलेला होता की धर्मादायाची ठेव त्याच्याकडे निर्धास्तपणे सोपवता यावी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या वीस उपभोगांमध्ये पादाभ्यंगाला, म्हणजे पायाला तेल चोळून घेण्याला, स्वतंत्र स्थान दिले आहे. आणि तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात मर्दना आणि मादणे, म्हणजे तेल चोळणे आणि न्हाणे, यांचा उल्लेख आरोगणेइतक्याच, म्हणजे जेवणाइतक्याच, सहजतेने येतो. भक्ताने गुरूची करायची सेवा म्हणून मर्दनेला तिथे एक निराळीच प्रतिष्ठा लाभली.

सामान्य माणसाला रोज तेल परवडत नसे. त्याच्या वाट्याला अभ्यंग आले ते सणावारी. आश्विन वद्य चतुर्दशीला पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, तिळाच्या तेलाने अंग चोळून आणि उटणे लावून न्हाण्याचा प्रघात आजही घरोघर आहे. उटण्यात नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन अशी द्रव्ये असतात. सुश्रुताच्या उद्वर्तनाचाच हा घरगुती अवतार. थंडी सुरू होऊन कातडी कोरडी पडण्याच्या बेतात असताना हा सण यावा, यात पूर्वजांचे ऋतुज्ञान दिसते. लग्नातले तेलवण आणि हळद हेही मूळचे अंगमर्दनच. आता आंब्याच्या पानाने तेलाचा नुसता स्पर्श होतो आणि चोळणे राहून जाते. तेलातही प्रांतभेद होता. कोकण आणि गोव्यात खोबरेल, देशावर तीळ आणि करडई.

गावगाड्यात मर्दनाचे काम न्हाव्याकडे होते. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान पक्के. हजामत झाली की डोके आणि खांदे चेपून देणे, बोटे मोडणे, पाठीवर हाताच्या कडेने ताल धरणे ही त्याची नित्याची कामे. परदेशी प्रवाशांना या प्रकाराचे मोठे नवल वाटे. सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ मध्ये हिंदुस्थानात आला. इथले श्रीमंत लोक निवांत पडून न्हाव्याला बोलावतात, तो त्यांचे हात आणि इतर अंगे हळुवार दाबतो व थोपटतो, आणि व्यायामाऐवजी त्यानेच त्यांचे रक्त खेळते राहते, असे त्याने लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास मुंबई-सुरत भागात राहिलेल्या जॉन हेन्री ग्रोस यानेही चंपीची नोंद घेतली, मात्र ही पद्धत चीनमधून आली असावी असा समज करून घेतला. मेगॅस्थिनिसची साक्ष पाहता तो समज टिकत नाही. न्हाव्याच्या कामातली एक सवय मात्र धोक्याची आहे. मान एका झटक्यात वळवून कडकन मोडणे अनेकांना सुखाचे वाटते. परंतु मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात आणि अशा झटक्याने त्यांना इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर हा प्रकार टाळायला सांगतात.

तालमीतली रगडपट्टी ही निराळी शाखा. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला, देशभरचे मल्ल तिथे येऊन राहिले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात, त्यामुळे मातीत लोळणे हेच पहिले मर्दन ठरते. मेहनत झाल्यावर पैलवान एकमेकांचे अंग चोळतात. मांड्या आणि पाठ यांच्यासाठी नुसत्या हाताचे बळ पुरत नाही, तेव्हा जोडीदार अंगावर उभा राहून पायाने तुडवतो. नव्या पोराने वस्तादाचे अंग रगडायचे, ही सेवा आणि शिक्षण दोन्ही. कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे जातो, कुठे दाब चालतो आणि कुठे नाही, हे त्याला या रगडण्यातून कळत जाते. मुरगळलेला पाय सरळ करणे, निखळलेला सांधा बसवणे ही वस्तादांची ख्याती याच अनुभवातून आलेली असते. केरळात कळरीपयट्टूच्या आखाड्यांतूनही अशीच विद्या वाढली. तिथे गुरू वर टांगलेल्या दोराला धरून तोल सांभाळतो आणि शिष्याच्या तेल लावलेल्या अंगावर पायाने मर्दन करतो.

या सगळ्यांपेक्षा व्यापक आणि सगळ्यांत कमी नोंदली गेलेली शाखा बायकांच्या हाती राहिली. बाळंतिणीचे आणि बाळाचे अंग चोळण्याची रीत महाराष्ट्रात जातपात, गरिबी-श्रीमंती ओलांडून सर्वत्र आढळते. बाळंतपणानंतर साधारण सव्वा महिना एक जाणती बाई सकाळी घरी येते. कोमट तेलाने ती बाळंतिणीची पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या रगडते. पोटावर हात हलका असतो. मग कढत पाण्याचे न्हाणे, पोट कापडाने आवळून बांधणे, आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून शेक. धुरीत ओवा, शेपा, वावडिंग पडते. नऊ महिने ओझे वाहिलेल्या कंबरेला याने आराम मिळतो, आणि तेवढीच मोलाची गोष्ट ही की दिवसातला तासभर तरी त्या बाईकडे बाळाची आई म्हणून नव्हे, थकलेले शरीर म्हणून कोणी लक्ष देते. बंद खोलीतला धूर आणि निखारे मात्र आई-बाळ दोघांनाही घातक ठरू शकतात. खिडकी उघडी हवी.

बाळाचे तेलपाणी हे तर कसबच आहे. बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला पोटऱ्यांवर पालथे-उताणे घेते. तेल आधी छातीला, मग हातापायांना, मग पाठीला. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावून अंग मोकळे करायचे. टाळूवर तेल थापायचे. शेवटी डाळीच्या पिठात हळद-साय कालवून लावायची आणि पायावरच न्हाऊ घालायचे. पाणी डोळ्यात जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा धरलेला हात, मानेखालचा आधार, निसटत्या अंगावरची पकड ही सारी कौशल्ये पाहून पाहून शिकलेली. सव्वा महिन्याच्या शेवटच्या दिवशी या बाईला ठरलेल्या पैशांखेरीज साडी-चोळी देऊन तिची ओटी भरतात. कानात-नाकात तेल सोडणे, नाक दाबून उंच करायचा प्रयत्न, बाळाला पाय धरून उलटे करणे हे प्रकार बालरोगतज्ज्ञ आता बंद करायला सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण नाकातले तेल फुप्फुसात उतरून गंभीर आजार होऊ शकतो. पण मूळ रीतीला आधुनिक विज्ञानाने उलट पाठिंबाच दिला आहे. फ्रेडरिक लबॉयेर या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कोलकात्यात एका आईला बाळाचे अंग चोळताना पाहिले आणि तिच्या छायाचित्रांसह १९७६ मध्ये 'शांताला' हे पुस्तक काढले. त्यातून युरोपात बाळाच्या मालिशीची लाट आली. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांचे नियमित मर्दन केले, त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा अधिक वेगाने वाढले.

घरगुती उपायांचे आणखी दोन प्रकार मराठी मुलखात रूढ आहेत. काशाच्या वाटीने तूप किंवा एरंडेल लावून तळपाय घासणे हा पहिला. तळव्यावर जी काळपट मळी दिसते, ती अंगातली उष्णता बाहेर पडल्याची खूण समजतात. वास्तविक ती घर्षणाने सुटलेल्या धातूची असते. झोप मात्र गाढ लागते, हे कोणीही नाकारणार नाही. दुसरा पायाळूचा. कंबरेत उसण भरली की पायांकडून जन्मलेल्या माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा. यात श्रद्धेचा भाग मोठा आहे.

हिंदुस्थानी मर्दन युरोपात नेणारा माणूस पाटण्याचा होता. साके दीन महोमेद १७५९ मध्ये जन्मला, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर वाढला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला. १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन इंग्रजीत छापले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक. १८१० मध्ये त्याने लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी त्याने औषधी वाफेचे स्नान आणि चंपी यांचे घर उघडले. रुग्णाला फ्लॅनेलच्या तंबूत वाफ देत आणि तंबूच्या बाह्यांतून हात घालून महोमेद त्याचे अंग रगडी. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याला आपला अधिकृत मर्दनवैद्य नेमले. १८५१ मध्ये तो वारला. पाटण्याच्या न्हाव्यांकडे सहज मिळणारी सेवा ब्रायटनमध्ये राजवैद्यकी ठरली, यात विद्येपेक्षा जागेचा आणि मांडणीचा वाटा मोठा होता.

युरोपात त्याच शतकात दुसरा प्रवाह चालू होता. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था स्थापली आणि उपचारात्मक व्यायामाची पद्धत बसवली. आज 'स्वीडिश मसाज' म्हणून जगभर चालणाऱ्या पद्धतीतले लांब हात फिरवणे, मळणे, घासणे, थोपटणे हे प्रकार मात्र निश्चित केले ते ॲमस्टरडॅमचा डॉक्टर योहान गेओर्ग मेत्सगर याने. १८९४ मध्ये लंडनला मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा गवगवा झाला, तेव्हा काही परिचारिकांनी आपल्या पेशाची अब्रू राखण्यासाठी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपीचा उगम तिथे आहे. मुंबईत १९५० च्या दशकाच्या प्रारंभी केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, ती देशातली पहिली. हात तेच, पण आता त्यांना पदवी, नोंदणी आणि पांढरा कोट मिळाला.

पुण्याच्या बाजूने निसर्गोपचाराचा प्रवाह आला. डॉ. दिनशा मेहता यांच्या पुण्यातल्या उपचारगृहात गांधीजी राहत. मोहरीच्या तेलात लिंबाचा रस घालून रोज मालिश करून घेणे हा गांधीजींच्या दिनक्रमाचा भाग होता. १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. उपचार खेड्यातल्या गरिबाला परवडणारा हवा, हा त्यामागचा आग्रह, आणि माती, पाणी, हात यांहून स्वस्त साधन दुसरे नव्हते. मेहतांच्या उपचारगृहाच्या जागेत १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था चालते.

शहरातल्या रस्त्यावर मात्र अंगमर्दन उपजीविकेचेच राहिले. गिरगाव चौपाटीवर संध्याकाळी तारेच्या पिंजऱ्यात तेलाच्या बाटल्या किणकिणवत फिरणारा मालिशवाला मुंबईच्या ओळखीचा होता. हे बहुतेक उत्तर हिंदुस्थानातून आलेले. गुरुदत्तच्या 'प्यासा'त (१९५७) जॉनी वॉकरने रंगवलेला अब्दुल सत्तार त्यांचा प्रतिनिधी म्हणून लोकांच्या ध्यानात राहिला. १९९० नंतर आलेल्या स्पा आणि केरळी पद्धतीच्या केंद्रांनी मर्दनाला पुन्हा श्रीमंती वळण दिले. पिळिचिल, शिरोधारा हे शब्द मराठी पाट्यांवर आले आणि काशाची वाटी विजेच्या यंत्रावर बसली.

पदवीधर फिजिओथेरपिस्टांसाठी २०२१ च्या आरोग्यव्यावसायिकांच्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. घरोघर जाऊन बाळंतिणीचे अंग चोळणारी बाई त्या कायद्याच्या बाहेर आहे. तिच्या हातातली विद्या कुठल्या संहितेत नाही. ही बाई वयस्कर होत चालली आहे आणि तिच्या मुली हा धंदा पत्करायला तयार नाहीत. आयुर्वेद महाविद्यालयांनी आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी या बायकांच्या पद्धती, त्यांचा क्रम, त्यांचे तेल आणि त्यांचे निषेध त्यांच्याच तोंडून, त्यांच्या नावानिशी लिहून आणि चित्रित करून ठेवावेत. हे काम येत्या काही वर्षांतच होऊ शकते.